जुन्या पिकअपचे नाक खाली बसले आहे. पुढे उंच पाटे घालावेत का?

मृगबहार_मोहोळ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे १९९६ सालची महिंद्राची पिकअप आहे. सांगाडा जीपचा असून पुढे-मागे चारही ठिकाणी कमानपाटे (स्प्रिंगचे काम करणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या) आहेत आणि गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे. ती वडिलांनी घेतली होती आणि आजही मोहोळजवळच्या शेतातून सोलापूरच्या मार्केट यार्डात डाळिंब आणण्यासाठी तीच वापरतो. हंगामात २० किलोचे ३५ क्रेट, म्हणजे ७०० किलो माल असतो, आणि उरलेले आठ महिने ती बहुतेक वेळ रिकामीच फिरते.

गेली काही वर्षे गाडीचे नाक खाली बसत चालले होते. वडिलांनी पुढे पाइपचा जाड बंपर बसवून घेतला होता, त्यामुळे दोष त्याचाच असावा असे मी धरून चाललो होतो. दिवाळीनंतर एका गॅरेजला सांगितले की पुढून उचलून गाडी सरळ रेषेत आणून द्या. त्यांनी पुढच्या पाट्यांना ४० मिलिमीटर जास्त लांबीच्या शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या कड्या) घातल्या, आणि माल भरल्यावर मागून बसते म्हणून, मी सांगितले नसतानाही, मागे प्रत्येक बाजूला दोन पाटे वाढवले. गाडी घरी आणली तेव्हा पुढची बाजू उचलली होती हे खरे, पण मागची त्याहूनही जास्त उचलली होती. रिकाम्या गाडीत खड्ड्यातून जाताना डोके छताला लागते आणि ताशी ६० च्या पुढे स्टिअरिंग सैल, भरकटल्यासारखे वाटते. वळणानंतर ते आपण होऊन सरळही होत नाही.

काम देण्यापूर्वी आणि नंतर आसाच्या (ॲक्सलच्या) बरोबर वर, जमिनीपासून चॅसीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मी मोजून ठेवली होती. पूर्वी ती पुढे सरासरी ४५२ आणि मागे ५२५ मिलिमीटर होती. आता पुढे उजवीकडे ४६८ व डावीकडे ४७६, आणि मागे ५५२ व ५५५ आहे. म्हणजे पुढच्या-मागच्या उंचीतला फरक ७३ वरून ८१ वर गेला आहे.

ऑनलाइन ५० मिलिमीटर उंची वाढवणारे पुढच्या पाट्यांचे संच मिळतात. ते घालून गाडी एकदाची समपातळीत येईल का? की थोडा कमी उंचीचा संच शोधावा? जाणकारांनी सांगावे.

जुना_फोरमन

आपण आकडे मोजून लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. एसटीच्या कार्यशाळेत माझी बरीच वर्षे पाट्यांच्या कामात गेली. ‘गाडी पुढून बसली आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या हाती कागदावर लिहिलेला एखादा आकडा असे.

पहिली गोष्ट म्हणजे तो ५० मिलिमीटरचा संच आत्ता मागवू नका. आपल्याला उंची हवी आहे की सपाटी, हे आधी स्वतःशी ठरवावे लागेल. मालवाहू गाडीची मागची बाजू कारखान्यातूनच वर ठेवलेली असते. तो दोष नाही. माल भरला की ती खाली येऊन गाडी जवळपास सपाट व्हावी, असा त्यामागचा हिशेब असतो. रिकामी गाडी डोळ्यांना सपाट दिसावी म्हणून पुढून उचलली, तर भरल्यावर तिचे नाक आकाशाकडे जाते.

दुसरी गोष्ट शॅकलची. आपल्या गाडीत पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला आहे ना? तसे असेल तर ४० मिलिमीटर लांब शॅकलने त्या टोकाचा पाट्याचा डोळा (गोल वळवलेले टोक) ४० मिलिमीटर खाली गेला. आस पाट्याच्या मधोमध असल्यामुळे चॅसी मात्र त्याच्या निम्मी, म्हणजे २० मिलिमीटर उचलली गेली. आपले आकडेही, ४५२ वरून सरासरी ४७२, तेच सांगतात. या प्रकारात पाटा तिरका झाला आणि त्याच्यासोबत आस पुढच्या बाजूला कलला. पाट्याची लांबी मीटरभर धरली तर हा कल सुमारे सव्वादोन अंशांचा होतो आणि तो सगळा कास्टरमधून, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळते ती मागे कललेली असते त्या कोनातून, वजा होतो. स्टिअरिंग भरकटणे आणि वळणानंतर परत न येणे ही कास्टर कमी झाल्याचीच लक्षणे आहेत. आस आणि पाटा यांच्यामध्ये तिरकी पाचर घालून कास्टर परत मिळवता येतो; परंतु जी अडचण शॅकल बदलून ओढवून घेतली आहे, ती जुनी शॅकल परत घालूनच सोडवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे, मोजण्याची पद्धत. आपले अंगण सपाट आहे असे आपल्याला वाटते, पण ते नसते. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि चारही चाकांखालची जमीन एका पातळीत आहे का ते पाहा; फरक असेल तिथे पत्र्याचे किंवा फळीचे तुकडे टाकून चाके एका पातळीत आणा. चारही टायरमध्ये हवा नेमकी असावी. जुन्या पाट्यांमध्ये गंज असतो, त्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून प्रत्येक बाजू एकदा दाबून सोडून मोजावी, एकदा उचलून सोडून मोजावी आणि दोन्हींची सरासरी घ्यावी. गंजलेल्या संचात या दोन मापांत १० मिलिमीटरचा फरक निघाला तरी नवल मानू नका.

यानंतर जवळच्या वजनकाट्यावर जाऊन पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळी तोलून घ्या, एकदा रिकामी असताना आणि एकदा नेहमीचा माल भरून. भरलेल्या गाडीची उंचीही मोजा. या चार वजनांशिवाय पाटा निवडणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल विकत घेण्यासारखे आहे.

मृगबहार_मोहोळ

फोरमन काका, मनःपूर्वक आभार. शॅकल पुढच्या टोकालाच आहे. काल आपण सांगितले तसे सगळे केले. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या गवंड्याकडून नळी आणली, तेव्हा अंगणाला एका बाजूला चक्क ३० मिलिमीटर उतार निघाला. पातळी करून मोजल्यावरही पुढची-मागची सरासरी फारशी बदलली नाही, परंतु उजव्या-डाव्यातला फरक निम्म्यावर आला.

वजने अशी आहेत. रिकामी असताना पुढे ७८० आणि मागे ६४० किलो. ३५ क्रेट भरून पुढे ८२० आणि मागे १३०० किलो. माल भरल्यावर मागची बाजू ५५ मिलिमीटर खाली गेली. पुढची बाजू जेमतेम ४-५ मिलिमीटर हलली.

पुढच्या पाट्यांचा एक संच उतरवून पाहिला. ६ पाटे आहेत, प्रत्येकाची जाडी ६ आणि रुंदी ६० मिलिमीटर, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत १००० मिलिमीटर. बंपर काढून वेगळा तोलला. तो ४८ किलो भरला आणि पुढच्या आसापासून सुमारे ५५० मिलिमीटर पुढे बसतो. दोन्ही आसांमधले अंतर २६०० मिलिमीटर आहे. मागे मूळचे ७ पाटे होते, आता ९ आहेत.

यंत्रशिक्षक

आपण दिलेल्या आकड्यांवरून बरेच काही सांगता येते. मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे थोडा विस्तार झाला तर क्षमा असावी.

पाट्यांच्या संचाचा कडकपणा ठरवणारी सूत्रे पुस्तकात आहेतच, पण लक्षात ठेवण्यासारखे एवढेच की कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे सहाच्या जागी सात पाटे घातले तर संच साधारण १७ टक्के कडक होतो. परंतु पाटे तेवढेच ठेवून जाडी ६ ची ७ मिलिमीटर केली तर तो ५९ टक्के कडक होतो. दुकानदार ‘एकच मिलिमीटर जाड आहे, काही फरक पडत नाही’ असे म्हणाला तर हा घन आठवावा.

आता आपली मागची बाजू पाहू. माल भरल्यावर मागच्या आसावर ६६० किलो वाढले, म्हणजे प्रत्येक संचावर ३३० किलो, आणि खाली येणे ५५ मिलिमीटर. म्हणून ९ पाट्यांचा कडकपणा मिलिमीटरला ६ किलो. त्याच जाडीचे ७ पाटे असताना तो सुमारे ४.६७ होता, आणि तेव्हा तोच माल भरल्यावर गाडी मागून ७१ मिलिमीटर बसत असणार. पुढच्या संचाचा कडकपणा आपल्या मापांवरून मिलिमीटरला सुमारे ४.३५ किलो येतो. माल भरल्यावर पुढे संचामागे २० किलो वाढतात, म्हणजे साडेचार मिलिमीटर; आपण मोजलेले तेच आहे, त्यामुळे हिशेबावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

यातून निघणारी मुख्य गोष्ट अशी की मूळच्या ७ पाट्यांवर गाडी रिकामीची भरलेली होताना मागची बाजू पुढच्या तुलनेत साधारण ६६ मिलिमीटर खाली जाते. पुढे कोणतेही पाटे घातले तरी हा प्रवास संपत नाही. तो फक्त वर किंवा खाली सरकतो. म्हणून ‘गाडी सपाट’ हा प्रश्न ‘कोणत्या वजनाला सपाट’ असा विचारला पाहिजे.

५० मिलिमीटरचा संच घातला तर काय होईल तेही मांडतो. लांब शॅकल काढल्यावर पुढची उंची पुन्हा ४५२ होईल. त्यात ५० मिळवून ५०२. मागचे वाढीव पाटे काढून ५२५. रिकामी गाडी मागून २३ मिलिमीटर वर, दिसायला छान. पण ३५ क्रेट भरले की मागची बाजू ५२५ वरून ४५४ वर आणि पुढची ४९७ वर येईल. नाक ४३ मिलिमीटर वर. २६०० मिलिमीटर अंतरावर एवढा कल म्हणजे हेडलाइटचा झोत ५० मीटरवर ८० सेंटिमीटरहून जास्त वर उचलला जातो. पहाटे चार वाजता पुणे-हैदराबाद महामार्गावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आपले दिवे जातील.

आता बंपर. तो आसाच्या पुढे टांगलेला असल्याने त्याचे ४८ किलो पुढच्या आसावर ५८ किलोंसारखे पडतात आणि मागचा आस तेवढ्या प्रमाणात, १० किलोंनी, हलका होतो. संचामागे २९ किलो भागिले ४.३५ म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. वडिलांच्या बंपरवर आपण जो दोष टाकलात त्यातला एवढाच त्याचा वाटा आहे. उरलेली घसरण पाट्यांचा बाक मेल्यामुळे झालेली असावी. दुकानात याच गाडीचा नवा मूळ संच मिळत असेल तर तो आणि आपला जुना संच शेजारी ठेवून, दोन्ही डोळ्यांतून सुतळी ताणून, सुतळीपासून वरच्या पाट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. त्या दोन मापांतला फरक म्हणजेच आपण गमावलेली उंची. कारण कडकपणा तोच असेल तर बाक जेवढा वाढतो, तेवढीच गाडी उचलली जाते.

पाटा_आणि_पाणी

आमचे घरचेच पाट्यांचे काम आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो. सरांनी बाकाचा जो मुद्दा मांडला आहे त्याला थोडी जोड देतो.

जुना पाटा ‘सेट’ करून देणारे बरेच जण आहेत आणि आम्हीही ते काम करतो. दोन टोकांना आधार देऊन, पाटा उताणा ठेवून वरून घणाने ठोकत गेले की त्याचा बाक वाढतो. दोन-तीनशे रुपयांत गाडी उचललेली दिसते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. परंतु थंड ठोकून दिलेला बाक बहुतेक वेळा काही महिन्यांत पुन्हा उतरतो. शिवाय घणाचे घाव पाट्याच्या आतल्या, म्हणजे वरच्या बाजूवर पडतात, आणि गाडीखाली असताना ताण नेमका त्याच बाजूला पडतो. तिथली खोल खूण पुढे तड्याची सुरुवात ठरते. मेन पाटा (डोळे असलेला सर्वांत वरचा) असा तुटला तर आस एका बाजूने सुटून मागे सरकू शकतो, म्हणून पुढच्या मेन पाट्यावर आम्ही असे काम घेत नाही.

गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवून देणारेही आहेत. त्याने पाट्याचे पाणी, म्हणजे तापवून-थंड करून दिलेला टणकपणा, उतरते. बाक देऊन पुन्हा नीट पाणी द्यायचे असेल तर संपूर्ण पाटा भट्टीत ८५० ते ९०० अंशांपर्यंत सारखा तापवावा लागतो, तेलात बुडवावा लागतो आणि मग ४५० ते ५०० अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. हे ज्याच्याकडे भट्टी आहे त्याचेच काम. रस्त्यावरच्या ज्योतीने ते होत नाही.

म्हणून पुढे नवा संच घ्यावा. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. उजवा-डावा दोन्ही संच एकाच खेपेचे असावेत आणि जमिनीवर शेजारी उभे करून त्यांचा बाक जुळतो का ते पाहावे. मेन पाट्याखालचा दुसरा पाटा डोळ्याला वेढा घालणारा असावा. पाट्यांची टोके नुसती चौकोनी कापलेली नसून निमुळती केलेली असावीत, कारण चौकोनी टोक वरच्या पाट्यात खाच पाडते. आणि संच मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके आपल्या आसावरच्या खळग्यात घट्ट बसेल अशा व्यासाचे असावे, नाहीतर आस तिरका बसून गाडी कुत्र्यासारखी आडवी चालते.

मागच्या बाजूबद्दल माझे मत असे की वाढवलेले दोन्ही पाटे काढावेत आणि त्यांच्या जागी खाली एक हेल्पर पाटा घालावा. हेल्पर जवळजवळ सपाट असतो. गाडी रिकामी असताना तो नुसता टांगलेला राहतो, आणि माल चढून वरचा संच बसू लागला की टेकतो. म्हणजे रिकाम्या गाडीत सात पाट्यांचा मऊपणा राहतो आणि भरल्यावर कडकपणा मिळतो.

यंत्रशिक्षक

हेल्परची सूचना उत्तम आहे; तिचा हिशेबही करून पाहिला. अर्धा माल चढेपर्यंत, म्हणजे संचामागे पहिले १६५ किलो, ४.६७ च्या कडकपणावर ३५ मिलिमीटर. त्यानंतर हेल्पर टेकून एकूण कडकपणा साडेसात झाला असे धरले तर उरलेले १६५ किलो २२ मिलिमीटर. एकूण ५७. आज ९ पाट्यांवर ५५ आहे. म्हणजे भरलेली गाडी आजच्याइतकीच बसेल. फरक पडेल तो रिकाम्या गाडीत, आणि वर्षातले आठ महिने आपण रिकामीच चालवता.

यावरून पुढची उंची किती हवी तेही ठरते. रिकाम्या गाडीत मागची बाजू ४० मिलिमीटर वर ठेवली, तर भरल्यावर ती पुढच्यापेक्षा सुमारे १२ मिलिमीटर खाली जाईल. दोन्ही टोके सुसह्य आहेत. मागे ५२५, म्हणून पुढे ४८५ हवे. लांब शॅकल काढल्यावर ४५२ उरतात, म्हणजे आपल्याला ३३ मिलिमीटर हवे आहेत. बंपर कायमचा काढला तर त्यातले ७ तिथूनच मिळतात.

रानवाट_१३

एवढा खटाटोप कशासाठी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझ्या मित्राच्या जीपला पुढे आस आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला आहे. तासाभराचे काम, लांब यू बोल्ट (पाटे आसाला आवळून धरणारे) आणि ठोकळे मिळून खर्चही थोडका, आणि नेमकी पाहिजे तेवढीच उंची. आपल्यालाही ३३ चा ठोकळा करून घेता येईल.

जुना_फोरमन

हा सल्ला कृपया कुणीही अमलात आणू नये. मागच्या आसावर एक सलग ठोकळा चालतो. काही गाड्यांत तो कारखान्यातूनच असतो. पुढच्या आसावर मात्र नाही. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे येतो आणि चाक आसाला पिळण्याचा प्रयत्न करते. ठोकळ्यामुळे आस पाट्यापासून जितका दूर जातो, तितकी त्या पिळाची ताकद वाढते. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो, आणि ठोकळा सरकला तर चाके ज्या दिशेला जातील त्या दिशेला गाडी जाते. आपल्या मित्राला माझा निरोप द्यावा.

उंची बदलताना जे सगळे सोबत बदलते त्याकडेही लक्ष द्या. चाक पूर्ण लोंबकळत ठेवून ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, हे पाहावे. त्याच स्थितीत शॉकअप पूर्ण ताणलेला असेल तर तो पाट्याआधीच चाकाचे आणि आसाचे वजन पेलू लागतो आणि त्याच्या कड्या तुटतात. पुढची बाजू उचलल्यावर स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा उतार वाढतो, आणि तो जास्त झाला तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देते. ३०-३५ मिलिमीटरमध्ये ते सहसा जाणवत नाही. ज्या गाड्यांत मागच्या आसाला जोडलेला, भार ओळखून मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत मागची बाजू उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. आपल्या गाडीत तो आहे का ते खाली वाकून पाहून घ्या.

कायद्याचेही भान असू द्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका कायम ठेवली. आपली मालवाहू गाडी दरवर्षी फिटनेसला जाते. मूळ मापाचा नवा संच हा झिजलेला भाग बदलणे आहे. ५० मिलिमीटरच्या संचाबद्दल असे म्हणता येणार नाही.

सुमोवाले_जुळे_सोलापूर

विषय पाट्यांचा आहे, तरी इतर वाचकांसाठी एक ओळ. ज्यांच्या गाडीत पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) आहे, त्यांना बोल्ट पिळून नाक उचलता येते, पण त्याने बार अधिक कडक होत नाही, फक्त त्याची सुरुवातीची जागा बदलते. आणि फार पिळले तर खाली लोंबण्याचा प्रवास संपून गाडी प्रत्येक गतिरोधकावर ठक्क करते. पिळल्यावर अलाइनमेंट केलेच पाहिजे, नाहीतर टायरची एक कड दोन महिन्यांत साफ होते. हे मी पैसे घालवून शिकलो आहे.

मृगबहार_मोहोळ

सर्वांना नमस्कार. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी काम उरकले. उत्तर द्यायला उशीर झाला याबद्दल क्षमस्व.

नवा मूळ संच मिळाला. सरांनी सांगितले तशी सुतळी ताणून मोजले. जुन्याचा बाक ९६ आणि नव्याचा १२५ मिलिमीटर भरला, म्हणजे २९ मिलिमीटर उंची केवळ पाटे थकल्यामुळे गेली होती. जुन्या संचातला तिसरा पाटा सोडवताच त्यात केसाएवढा तडा दिसला, अगदी सेंटर बोल्टच्या भोकाला लागून. वरून कितीही वाकून पाहिले असते तरी तो दिसला नसता. त्या गॅरेजनेही संच न उघडताच शॅकल बदलल्या होत्या.

जुन्या लांबीच्या शॅकल आणि त्यांच्या सांध्यांत नवे बुश (नळीसारखी अस्तरे) घातले. बंपर काढून ठेवला आहे. वडिलांना ते फारसे आवडले नाही, पण तो ७ मिलिमीटरांचा हिशेब वाचून दाखवल्यावर त्यांनी जास्त वाद घातला नाही. मागचे वाढीव पाटे काढून हेल्पर बसवला. भार ओळखणारा व्हॉल्व्ह आमच्या गाडीत नाही.

पहिल्या दिवशी पुढची उंची ४८८ होती, तीन आठवड्यांत ती खाली येऊन उजवीकडे ४८१ आणि डावीकडे ४८६ वर थांबली आहे. मागे ५२४ आणि ५२७. म्हणजे फरक ४२ मिलिमीटर. काल ३५ क्रेट भरून त्याच पातळी केलेल्या जागेवर मोजले तेव्हा पुढे ४७९ आणि मागे ४७० निघाले. स्टिअरिंग वळणानंतर आपण होऊन सरळ होते.

एकच शंका उरली आहे. उजवी बाजू अजूनही ५ मिलिमीटर खाली आहे, त्याचे काही करावे का?

जुना_फोरमन

आपण गाडीत बसल्यावर ती आणखी काही मिलिमीटर खाली जाईल, कारण चालक उजवीकडेच बसतो. ५ मिलिमीटरसाठी काहीही करू नका. त्रास वाटला तर पुढच्या वेळी संच खाली उतरेल तेव्हा उजवा-डावा अदलाबदल करून पाहा; खालची बाजू संचासोबत गेली तर दोष संचाचा, जागीच राहिली तर चॅसीचा किंवा वजनाचा.

यू बोल्ट नवे घातले असतील असे मी धरतो. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. ५०० किलोमीटर झाले असतील तर ते चारही कोपऱ्यांतून आलटून-पालटून पुन्हा कसून घ्या. शॅकलचे रबरी बुश असतील तर त्यांच्या नट गाडी चाकांवर उभी असताना एकदा सैल करून परत आवळा. जॅकवर लोंबकळत आवळलेले रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. आणि संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून, अर्धा माल असताना, हेडलाइटचा झोत लावून घ्या.

मृगबहार_मोहोळ

यू बोल्ट नवेच आहेत. बुशच्या नट मात्र गाडी जॅकवर असतानाच आवळल्या होत्या. उद्या सकाळी त्या सैल करून परत आवळतो.